पाण्याच्या टाकीचा थांबा

४ सप्टेंबर, दुपारी

टकळे,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. मी लिहिला आणि खोडला. सात वर्षं तू माझ्याशी बोललेली नाहीस, आशीर्वाद कुठल्या तोंडाने देऊ?

रविवारी तुझा फोन येतो तेव्हा मी कपडे काढायला बाल्कनीत जातो. कपडे नसले तरी जातो. आत तुझी आई बोलत असते आणि तिच्या "हो का"वरून मी अंदाज बांधतो की तू काय म्हणाली असशील. गेल्या रविवारी ती चार वेळा "अगं बाई" म्हणाली. नंतर मला एवढंच सांगितलं, "काही नाही. लहान मुलांच्या वॉर्डात बदली झालीय तिची." तुझा पत्ता मी तिच्या वहीतून उतरवून घेतला. तिच्यावर चिडू नकोस.

हे मी गाडीत बसून लिहितोय. सकाळची फेरी साडेआठला संपते आणि मुलांना घरी सोडायची फेरी अडीचला. मधल्या वेळात बाकीचे ड्रायव्हर झाडाखाली पत्ते कुटतात. मी सीटखाली राहिलेल्या पाण्याच्या बाटल्या, पट्ट्या, एका पायाचे मोजे गोळा करतो. एकच मोजा घालून मूल घरी जातं कसं, हे मला चोवीस वर्षांत कळलेलं नाही.

शाळेत नव्या मोठ्या बाई आल्यात. त्यांनी परवा सगळ्यांना सभेला बोलावलं. सगळ्यांना म्हणजे शिपाई, कॅन्टीनमधल्या दोघी आणि आम्ही ड्रायव्हरसुद्धा. शिक्षकांच्या खोलीत मी पहिल्यांदाच खुर्चीवर बसलो. विषय होता, मुलं एकमेकांना छळतात ते कसं थांबवायचं. एक समुपदेशक बाई आल्या होत्या, तुझ्याच वयाच्या असतील. त्यांनी भिंतीवर शाळेचा नकाशा लावला, आमच्या हातात लाल टिकल्या दिल्या आणि म्हणाल्या, जिथे मुलांना त्रास होतो असं वाटतं तिथे टिकली चिकटवा. शिक्षकांनी मुतारीपाशी लावल्या, मैदानाच्या मागे लावल्या. मी पण तिथेच लावली.

मग त्यांनी दुसरा नकाशा उलगडला. तो मुलांनी केलेला होता, कुणीही नाव न सांगता. खाली कोपऱ्यात तीन चौकोन काढले होते, शाळेच्या तीन गाड्यांचे. माझ्या तीन नंबरच्या चौकोनात टिकल्यांवर टिकल्या. मी मोजल्या. एकेचाळीस.

मी उभा राहून म्हणालो, "बाई, चोवीस वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा गेलेला नाही."

त्या म्हणाल्या, "काका, मी गाडीचं नाही विचारत."

मी खाली बसलो. तिथे बसल्या बसल्या मला टाकीवाला आठवला. आम्ही ड्रायव्हर मुलांना थांब्यावरून ओळखतो, हे तुला माहीत आहे. पाण्याच्या टाकीपाशी उतरायचा तो. तुझ्याच वर्गातला, अडखळत बोलणारा. तुला आठवत असेलच. नसेल आठवत तर उत्तम.

तब्येतीला जप.

बाबा


१५ सप्टेंबर

टकळे,

तुझं उत्तर नाही. मी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती. तुझी आई म्हणाली की फोनवर तू पत्राचा विषयही काढला नाहीस. तरी लिहितोय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

समुपदेशक बाईंनी मला आतल्या आरशात बघायला सांगितलं. मी म्हटलं, चोवीस वर्षं बघतोयच की. त्या म्हणाल्या, "तुम्ही कोण उभं आहे, कोण दारात लटकतंय, ते बघता. आता कोण कुणाकडे बघून गप्प होतंय ते बघा."

बघायला लागलो आणि टकळे, मला गाडी चालवणं जड जायला लागलं.

दवाखान्यापाशी उतरणारी एक मुलगी आहे, सहावीतली. जाड भिंगाचा चष्मा. गाडी फाटकातून बाहेर पडली की तिचा चष्मा निघतो आणि मागच्या सीटपासून पुढपर्यंत हातोहात फिरतो. ती ओरडत नाही, उठत नाही. नुसती समोर बघत बसते. चष्म्याशिवाय तिला काय दिसत असेल कोण जाणे. थांबा जवळ आला की कुणीतरी चष्मा तिच्या मांडीवर टाकतं. रोजचं आहे हे. माझ्या पाठीमागे, सहा हातांवर.

मंगळवारी मी गाडी बाजूला घेतली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. "चष्मा तिच्या डोळ्यांवर जाईपर्यंत गाडी हलणार नाही," म्हणालो. वीस मिनिटं गेली. पालकांचे फोनावर फोन. शेवटी चष्मा आला. माझी छाती अशी फुगली होती की काय सांगू.

दवाखान्यापाशी ती उतरली. पायरीवर थांबून हळूच म्हणाली, "काका, परत असं नका करू. आज तुमच्यामुळे सगळ्यांना उशीर झाला. उद्या मला जास्त त्रास होईल."

दुसऱ्या दिवशी चष्म्याची एक काडी मोडलेली होती.

मी ती काडी घेऊन समुपदेशक बाईंकडे गेलो. वाटलं, झापतील. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही सगळ्यांसमोर तिच्यावर दिव्याचा झोत टाकलात. अशा वेळी तो कमी करायचा असतो." मग आम्ही दोघांनी बसून कोण कुठे बसणार ते ठरवलं. तिला माझ्या मागच्या सीटवर आणलं, पण एकटीला नाही. सगळ्यांच्याच जागा बदलल्या, म्हणजे तिच्यासाठी केलं असं वाटायला नको. दहावीतल्या दोन मुलांना मधल्या रांगेत बसवलं. आणि चष्मा काढणारी मुलगी कोण ते मी बाईंना सांगितलं, त्यांनी तिला एकटीला बोलावलं.

ती जुन्या पुलाला उतरते. गोड मुलगी आहे. चढताना रोज "काका, गुड मॉर्निंग" म्हणणारी ती एकटीच. बाई सांगत होत्या की गेल्या वर्षी तिच्या डब्यात कुणीतरी माती घालायचं. तिने चष्म्याचा खेळ सुरू केला आणि डब्यात माती पडायची बंद झाली.

हे ऐकून मी बराच वेळ फाटकापाशी उभा राहिलो. का, ते तुला कळेल.

बाबा


३० सप्टेंबर

टकळे,

आज मी समुपदेशक बाईंना टाकीवाल्याचं सांगितलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा बोललो त्याबद्दल. त्यांना जे सांगितलं ते तुलाही लिहितो.

माझ्या गाडीत नियम होता. थांबा आला की मुलाने ओरडून नाव सांगायचं, तरच गाडी थांबणार. शिस्त म्हणून मीच लावला होता. बाकीच्या मुलांना त्याची मजा वाटायची, ती गळा फाडून ओरडायची. टाकीवाल्याला 'पाण्याची टाकी' यातला 'पा'च निघायचा नाही. ओठ मिटायचे ते मिटूनच राहायचे, मान ताणायची. मग मुलं त्याचं दप्तर धरून ठेवायची, "नाव घे, मग सोडतो." त्याचा थांबा निघून जायचा. पुढचा थांबा गोदामाचा. तिथे उतरून तो दीड किलोमीटर मागे चालत जायचा, ट्रकच्या रस्त्याने. महिन्यातून तीन-चार वेळा तरी व्हायचं असं.

त्या बुधवारी माझं लक्ष नव्हतं. उशीर झाला होता. तो गोदामाला उतरला, मागे चालत निघाला आणि टेम्पोने त्याला उडवलं. मांडीचं हाड तीन जागी मोडलं.

चौकशीत मी लिहून दिलं की मुलगा मस्ती करत होता, सांगूनही जागेवर बसला नाही, म्हणून त्याचा थांबा चुकला. तेव्हाच्या मोठ्या बाईंना तेवढंच हवं होतं. कागद फायलीत गेला. मुलगा शाळेत परत आला नाही.

समुपदेशक बाईंनी विचारलं, "गाडीतल्या एकाही मुलाने काही सांगितलं नाही?"

मी म्हटलं, "मुलं घाबरतात."

तुझं नाव मी घेतलं नाही. तू निश्चिंत राहा. तुझं नाव यात कधी आलेलं नाही आणि मी असेपर्यंत येणारही नाही.

बाबा


१९ ऑक्टोबर

तुझं पत्र काल आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून तुझ्या आईने ते देवाच्या प्रसादासारखं दोन्ही हातांत धरून आणलं. मग माझा चेहरा बघून स्वयंपाकघरात निघून गेली.

तू चारच ओळी लिहिल्या आहेस. त्या मला पाठ झाल्यात.

"तुम्ही पुन्हा मला वगळलंत. तेव्हाही तुम्ही मला वाचवलं नव्हतं, स्वतःला वाचवलं होतं. लिहायचं तर सगळं लिहा, आणि मला नव्हे, त्याला सांगा. पत्ता खाली दिलाय, मी दोनदा त्या दुकानाच्या दारापर्यंत जाऊन परत आलेय."

ठीक आहे. सगळं लिहितो.

तुला शाळेत घेतलं ते मी तिथे ड्रायव्हर होतो म्हणून, फी माफ करून. पहिलं वर्षभर गाडीत तुला 'ड्रायव्हरची पोर' म्हणत. माझ्या पाठीमागे बसून म्हणत. मला ऐकू यायचं. तू घरात टकळी चालवणारी, गाडीत मात्र तोंड मिटून बसायचीस. मी तुला काय सांगितलं होतं? "दुर्लक्ष कर. आपल्याला इथे टिकायचंय." एवढंच शहाणपण होतं माझ्याकडे, तेच तुला दिलं.

मग एक दिवस टाकीवाला 'पा'वर अडला आणि तू मागून म्हणालीस, "अरे, ह्याचा रेडिओ लागत नाहीये, खरखर येतेय." अख्खी गाडी हसली. त्या दिवसापासून तो रेडिओ झाला आणि तुला 'ड्रायव्हरची पोर' म्हणायचं सगळे विसरले. तुला खिडकीजवळची जागा मिळाली. घरी येऊन तू दोन पोळ्या जास्त खाल्ल्यास. आम्हाला बरं वाटलं.

आता जे मी कुणालाच सांगितलेलं नाही ते. बाईंना नाही, तुझ्या आईला नाही. तुला सांगायची गरज नाही, तू तिथेच होतीस.

तू ते म्हणालीस तेव्हा मीही हसलो. मोठ्याने हसलो. माझ्या पोरीची जीभ सुटली याचा आनंद होता तो, असं मी स्वतःला समजावत आलोय. असेलही. पण मी आरशात बघून हसलो आणि टाकीवाला आरशातून माझ्याकडेच बघत होता. मोठं माणूस त्या गाडीत मी एकटा होतो. मी हसलो तेव्हा सगळ्यांना परवाना मिळाला.

आणि त्या बुधवारी माझं लक्ष नव्हतं, हे खोटं. माझं लक्ष होतं. तो उठून उभा राहिला, दप्तर मागे दोघांनी धरलेलं, ओठ मिटलेले, मान ताणलेली. हे सगळं मला दिसत होतं. मी वेग कमीसुद्धा केला होता. मग मनात आलं, रोज रोज काय याचं, एक दिवस बोलेल झक मारत. आणि पाय ब्रेकवरून काढला.

त्या संध्याकाळी तुला समोर बसवून तुझ्याकडून वाक्य घोकून घेतलं. "टाकी आली तेव्हा तो मस्ती करत होता." तू म्हणालीस, "पण बाबा, तो मस्ती नव्हता करत." मी म्हणालो, "तुझी शाळा जाईल, माझी नोकरी जाईल, आपण रस्त्यावर येऊ." बारा वर्षांची होतीस तू. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंसमोर एकही शब्द न चुकता म्हणालीस. त्यानंतर घरातही तुझी टकळी बंद झाली. मी म्हणत राहिलो, वयात येतेय पोरगी.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर हे सगळं तुझ्या आईला सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "मला ठाऊक आहे. तिने मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं."

"मग तू काय म्हणालीस तिला?"

"मी म्हणाले, बाबा सांगतात तसं कर."

तिने उरलेली भांडी पुसून फळीवर लावली.

बाबा


८ नोव्हेंबर

टकळे,

मोठ्या बाईंच्या टेबलावर नवा जबाब दिला. तीन पानं. लक्ष होतं, गाडी मुद्दाम थांबवली नाही, साक्षीदार मुलीकडून खोटं वदवून घेतलं, ती माझी मुलगी, सगळं. खाली सही केली. मोठ्या बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, "हे मी फायलीत ठेवून झाकून टाकणार नाही, हे लक्षात घ्या."

"म्हणूनच दिलंय," म्हणालो.

गाडी काढून घेतलीय माझ्याकडून. संस्थेची सभा होईल, मग ठरेल. बाकीचे ड्रायव्हर माझ्याशी बोलत नाहीत. एक जण म्हणाला, "निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना अवदसा आठवली तुला." त्याच्या दृष्टीने बरोबर आहे.

तीन नंबरवर आता एक तरुण ड्रायव्हर आहे आणि मुलांसोबत बसायला एक ताई नेमलीय. ओरडून थांबा सांगायचा नियम गेला, यादी ताईच्या हातात असते. जायच्या आधी मी नव्या ड्रायव्हरला आतला आरसा कसा लावायचा ते दाखवलं. चष्मेवाली मुलगी फाटकापाशी भेटली. मी विचारलं, "कसं चाललंय?" ती म्हणाली, "आता चष्मा नाही काढत. बोलत पण नाहीत पण." खोटं सांगून मला खूश करायचं तिला सुचलंच नाही, ते मला आवडलं.

तू दिलेल्या पत्त्यावर मी अजून गेलेलो नाही. दोनदा निघालो. एकदा चप्पल घालून परत काढली. एकदा दुकानाच्या समोरच्या फुटपाथपर्यंत पोचलो. तू दारापर्यंत गेली होतीस, म्हणजे माझ्यापेक्षा पुढे.

बाबा


२४ नोव्हेंबर

टकळे,

गेलो.

पुस्तकं आणि रजिस्टरं बांधायचं दुकान आहे. लांबट, अंधारी खोली, सरसाचा वास, भिंतीला टेकून पुठ्ठ्यांच्या थप्प्या. तो खिडकीपाशी स्टुलावर बसून एका जाड वहीची शिवण घालत होता. एक पाय सरळ पुढे ठेवलेला. तो वाकत नाही.

मी दारात उभा राहिलो. काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं, सगळं पुसलं गेलं. त्याने वर बघितलं, सुई खाली ठेवली आणि म्हणाला, "तीन नंबरचे काका."

अजून अडखळतो. पण थांबून, श्वास घेऊन बोलतो, घाई करत नाही. मी हात जोडले आणि माफी मागायला लागलो. त्याने मला बोलू दिलं. मध्ये एकदा दोरा तोडला. माझं झाल्यावर म्हणाला, "मा... माफी नको मला. तिचं मी काय करू?"

"मग काय करू मी? सांग. शाळेत जबाब बदललाय. तुला बघायचा असेल तर..."

"आईला सांगा."

मला कळेना. मग त्याने सांगितलं, तुकड्या-तुकड्यांनी. अपघातानंतर दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये त्याच्या आईला शाळेकडून माझा जबाब वाचून दाखवला होता. मस्ती करत होता, सांगूनही ऐकलं नाही. बाप नव्हता त्याला, आई एकटी कपड्यांना इस्त्री करून घर चालवायची. ती त्याच्या खाटेजवळ येऊन म्हणाली, "एक दिवस नीट बसवलं नाही तुला?" आणि पाय प्लॅस्टरमध्ये असताना तिने त्याच्या थोबाडीत मारली. त्याला सांगायचं होतं. शब्द निघेना. नंतर दीड वर्ष तो कुणाशीच काही बोलला नाही. जेव्हा बोलायला लागला तेव्हा आई म्हणाली, "जाऊ दे आता, झालं ते झालं. तुझी चूक मी कधीच माफ केलीय."

"पंधरा वर्षं ती मला मा... माफ करतेय," तो म्हणाला. "मी पायऱ्या चढताना थांबलो की ती तसंच बघते माझ्याकडे. माफ केल्यासारखी."

मी म्हणालो, "कधी येऊ?"

"आज नको. मला आधी मनाची तयारी करू दे."

बाबा


३ डिसेंबर

टकळे,

काल त्यांच्या घरी गेलो होतो. झालं तसं लिहितो. यातलं काही मी मऊ करणार नाही.

तिसरा मजला. लिफ्ट नाही. तो माझ्या पुढे चढत होता, प्रत्येक पायरीवर आधी चांगला पाय, मग दुसरा. वर एकच खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा. त्याची आई खाटेवर बसली होती. तिची दोन्ही मनगटं सुजलेली होती, आयुष्यभर इस्त्री धरून. तिने मला ओळखलं नाही. पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, "मुलाच्या दुकानातले का तुम्ही?" विचारलं.

"नाही. शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर. त्या दिवशी गाडी मी चालवत होतो."

तिने पदराने हात पुसले. "बरं," म्हणाली. "मग?"

मी सुरुवात केली, "बाई, मी तेव्हा जे लिहून दिलं ते खोटं होतं. तुमचा मुलगा मस्ती करत नव्हता. त्या दिवशी काय झालं ते..."

तिने हात वर केला. बराच वेळ तसाच ठेवला. मुलाकडे बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक पडलेला.

"तुम्ही नका सांगू," ती मला म्हणाली. "तुम्ही एकदा सांगितलंत, ते मी पंधरा वर्षं धरून बसले. आता ह्याला सांगू दे. तुम्ही बसा. उठायचं नाही."

आणि तो सांगायला लागला.

टकळे, तासभर लागला. एकेका शब्दाला आम्ही थांबलो. मला पुढचा शब्द माहीत असायचा, जिभेवर यायचा, वाटायचं आपण पुरा करून द्यावा. मी मांडीवर हात दाबून बसलो. ती माऊली पापणी न हलवता त्याच्या तोंडाकडे बघत होती. 'पाण्याची टाकी'पाशी तो अडला. ओठ मिटले, मान ताणली. गाडीत दिसायचा तसाच. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं, तो आवाज संपला, तरी आम्ही थांबलेलोच. मग तो म्हणाला. स्पष्ट म्हणाला.

माझं हसणं त्याने सांगितलं. माझ्याकडे न बघता. "काका हसले, मग मी घरी काही सांगायचं सोडून दिलं," एवढंच. आईने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत काय होतं ते मला लिहिता येणार नाही.

नंतर तुझं आलं. रेडिओ नाव कुणी ठेवलं ते त्याला आठवत होतं. म्हणाला, "ती ड्रायव्हरकाकांची मुलगी. शेवटच्या दिवशी ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. मला दिसलं. रडत होती, पण 'बाबा, थांबा' म्हणाली नाही."

तो एवढंच म्हणाला तुझ्याबद्दल. रागाने नाही म्हणाला. पण माफ केल्यासारखंही नाही.

सगळं सांगून झाल्यावर तो खाटेच्या कडेवर बसला. त्याच्या आईने हात पुढे केला, त्याच्या गालापर्यंत नेला आणि तिथे ठेवायची तिची हिंमत झाली नाही. मग त्यानेच ते मनगट धरून गालावर ठेवलं. ती रडली नाही. नुसतं म्हणत राहिली, "मला विचारायला हवं होतं रे. मी तुला विचारायला हवं होतं."

मी उठलो. मला कुणी थांब म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. दारापर्यंत तो आला. मी म्हणालो, "माझी मुलगी... तिला यायचंय. दोनदा दुकानाच्या दारातून परत गेली ती. तू नको म्हणालास तर तसं तिला लिहीन."

तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. विचार करत होता की शब्द अडला होता, मला सांगता येणार नाही. मी पुरा केला नाही.

मग म्हणाला, "दुकानात नको. लोक असतात. घरी ये म्हणावं. गु... गुरुवारी मला सुट्टी असते."

बाबा